शाळेची किल्ली कुणाच्या कमरेला?

शाळा दिल्लीनं चालवायच्या, मुंबईनं चालवायच्या की गावानं चालवायच्या? ह्यावर सध्या परिसंवाद होतात. वर पंखे फिरतात, खाली माना डोलतात. एक विद्वान उठतो, म्हणतो सत्तेचं विकेंद्रीकरण झालं पाहिजे, गावाची शाळा गावाच्या ताब्यात पाहिजे. दुसरा उठतो, म्हणतो देश एक तर अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, गणवेश एक. टाळ्या दोघांनाही. नंतर चहा.

दोस्तांनो, हे दोघं एकाच पंगतीला जेवतात. दिल्लीतला खासदार ह्यांचा, मुंबईतला मंत्री ह्यांचा, झेडपीचा अध्यक्ष ह्यांचा, आणि गावचा सरपंचही ह्यांच्याच भाऊबंदकीतला. भांडण एवढंच, की किल्ली ह्या खिशात ठेवायची का त्या खिशात. कोट एकच आहे.

आपला सवाल वेगळा आहे. कुलूप कुणाच्या पोराच्या तोंडावर लागतं?

मी खान्देशातला. पोटासाठी मुंबईच्या गोदीत पोती आणि लोखंड उचलतो. शिक्षण दहावी. तेवढ्या भांडवलावर लिहितोय. ज्यांना गुळगुळीत भाषा पाहिजे त्यांनी पान उलटावं.

आधी गावाचं बघू. गाव म्हटलं की काही लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पार, पिंपळ, पंच परमेश्वर. आमच्या डोळ्यांतही येतं, पण वेगळ्या कारणानं.

१८५६ साली धारवाडला एका महार पोरानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात. मुंबई सरकारनं काय हिशोब मांडला? एकाला आत घेतलं तर बाकीचे सगळे शाळा सोडतील, मग शाळाच ओस पडेल. म्हणून त्या एकालाच बाहेर ठेवा. ह्याला म्हणतात स्थानिक लोकभावना. १८५८ साली विलायतेतून हुकूम आला की सरकारी पैशाची शाळा सगळ्यांची. हुकूम आला आणि दप्तरात झोपला. आपली पोरं पुढं कित्येक दशकं ओट्यावर, वऱ्हांड्यात, पावसात बसून धडे ऐकत राहिली.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. त्यात त्यांनी साफ मांडलं की नगरपालिकांनी शाळांच्या खर्चाचा वाटा उचललाच पाहिजे, पण शाळांचा सगळा कारभार त्यांच्या हवाली करता कामा नये, वर शिक्षण खात्याची देखरेख पाहिजे. जोतीरावांना नगरपालिका आतून माहीत होती, ते स्वतः पुण्याच्या नगरपालिकेत बसलेले. तिथं कोण बसतं आणि कुणाच्या पोरांचा विचार करतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढं महाडचं घ्या. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी मुंबई कौन्सिलात ठराव पास करून घेतला. सरकारी पैशाची तळी, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केलं. कागदावर! १९२६ साली बोल्यांना परत ठराव आणावा लागला की न ऐकणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांचं अनुदान तोडा. तरी पाणी लांबच. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब ओंजळ भरायला गेले तेव्हा आपल्या माणसांची डोकी फुटली. आणि त्याच साली ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं स्वतःचा ठराव मागं घेतला. लोकनियुक्त, स्थानिक, स्वायत्त नगरपालिका! सवर्णांचा दावा हायकोर्टात फेटाळला जायला १९३७ उजाडलं.

म्हणून १९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायतींचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या आडवे उभे राहिले. १९४८ साली घटना समितीत त्यांनी खेड्याची जी सालटी काढली ती सगळ्यांना पाठ आहे. ती काही रागाच्या भरात निघालेली नव्हती. तिच्यामागं पुराव्यांचा ढीग होता.

तुम्ही म्हणाल हे जुनं झालं. आमच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं मारून टाकली. पोरं पळवणारी टोळी आली अशी अफवा होती. कुठं मारली? ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. गावाचं दप्तर जिथं राहतं तिथं. मारणारेही काही गढीवरचे नव्हते, दरिद्रीच होते. मग गाव म्हटलं की न्याय आपोआप येतो हे कुणी सांगू नये.

आणि जळगाव? गरिबांना घरकुलं बांधून देतो म्हणून तिथल्या नगरपालिकेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस योजना काढली. गरिबाच्या नावानं कर्ज निघालं, ठेका निघाला, पैसा निघाला. घरं मात्र थोडीच निघाली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टानं ४८ जणांना दोषी धरलं. त्यात माजी मंत्री होते, नगरसेवक होते. ते अपिलात गेले. झोपडीतला कुठं अपील करणार? सत्ता गावात आली म्हणून ती गरिबाच्या घरात आली असं होत नाही. ती वाड्याच्या ओसरीपर्यंत येते आणि तिथंच पाय पसरते.

इथपर्यंत वाचून काही मित्र म्हणतील, मग झालं तर! सगळं दिल्लीकडं द्या. घटना बाबासाहेबांनी लिहिली, दिल्ली आपली.

च्यायला, दिल्ली आपली कधी झाली?

१९७६ साली, आणीबाणीत, विरोधी पुढारी तुरुंगात असताना बेचाळिसावी दुरुस्ती करून शिक्षण राज्याच्या यादीतून उचललं आणि सामाईक यादीत टाकलं. तेव्हापासून पैशाची दोरी दिल्लीच्या बोटाला. २०२४ साली तमिळनाडू, केरळ, पश्चिम बंगाल ह्यांनी पीएमश्रीच्या कागदावर सही केली नाही म्हणून समग्र शिक्षेचा पैसा अडवला. तुमचं आमचं राजकारण काही असो, मास्तराचा पगार आणि पोराची वही ह्यांना ओलीस धरायचं? सावकार दुसरं काय करतो?

भारत सरकारची शिष्यवृत्ती घ्या. १९४४ पासूनची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हाची. त्याच शिष्यवृत्तीत पुढं असा काही हिशोबाचा नियम लावला की दिल्लीचा वाटा घटत घटत नावापुरता उरला, ओझं राज्यांच्या डोक्यावर. डिसेंबर २०२० मध्ये ६० आणि ४० अशी वाटणी ठरेपर्यंत किती पोरांनी कॉलेज सोडलं असेल, त्याची यादी कुठल्या मंत्रालयाच्या भिंतीवर लावलेली नाही.

दिल्लीची सोडा, मुंबईची गंमत बघा. शाळेचा गणवेश आधी गावातली शाळा व्यवस्थापन समिती घ्यायची. कापड बाजारातून, शिलाई गल्लीतल्या शिंप्याकडून. मुंबईत कुणाच्या तरी डोक्यात आलं, एक राज्य एक गणवेश. कापड एका ठेक्यातून, शिलाई महामंडळातून, वाटप वरून. २०२४ चा जून आला, पोरं आली, गणवेश नाही. १५ ऑगस्ट आला, झेंडा वर गेला, कित्येक शाळांत गणवेश नाही. आले तेव्हा कुणाला ढगळ, कुणाला आखूड. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं गुपचूप हुकूम काढून काम परत समितीकडं दिलं. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून धडगावच्या पोराच्या छातीचं माप घेता येत नाही, एवढं कळायला एक अख्खं शैक्षणिक वर्ष गेलं. ते वर्ष कुणाचं गेलं? साहेबाच्या पोराचं नाही.

गणवेशाचं आणखी एक सांगतो. मी शाळेत असताना फुकट गणवेश सगळ्या पोरींना मिळायचा आणि पोरांत फक्त एससी, एसटी, दारिद्र्यरेषेखालच्यांना. योजना वरून आलेली, हेतू चांगला. पण वाटपाच्या दिवशी वर्गात कोण उभा राहिला त्यावरून कोण कुठल्या आळीचा हे सगळ्यांना कळायचं. वरून टाकलेल्या चांगल्या गोष्टीलाही खाली पोचेपर्यंत गावाचा वास लागतो. बाकीच्या पोरांना गणवेश द्यायचं सरकारला २०२३ साली सुचलं.

त्याच २०२३ साली दुसरंही सुचलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा. राज्यभरात अशा १४ हजारांहून जास्त शाळा आणि त्यात पावणेदोन लाखांहून जास्त पोरं. नमुना म्हणून नाव घेतलं सातपुड्यातल्या तोरणमाळचं. कमी पट कुठं असतो भावांनो? पाड्यावर, तांड्यावर, वस्तीवर. आपल्याच लोकांत. कायदा म्हणतो पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत पाहिजे. मंत्रालय म्हणतं बसनं जा. ज्या पाड्यावर बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणतात तिथं बस? आणि पहिली गळणार कोण? पोरगी. हे सांगायला आयएएस व्हावं लागत नाही.

२०२५ चा भाषेचा तमाशा तर ताजाच आहे. एप्रिलात हुकूम, पहिलीपासून हिंदी. जूनमध्ये दुरुस्ती. जूनअखेर माघार. मराठीच्या नावानं मोर्चे, फटाके, आलिंगनं. चांगलं झालं, लादलेलं मागं गेलं. पण त्या सगळ्या गदारोळात एकानं तरी विचारलं का, की अमळनेर-पारोळ्याच्या पोराची भाषा अहिराणी आहे, शिरपूर-अक्कलकुव्याच्या पोराची पावरी आहे, भिलोरी आहे? मी पहिलीत असताना 'पानी पेवाले जाऊ का?' म्हटलं की वर्ग हसायचा आणि गुरुजी म्हणायचे शुद्ध बोल. तहान शुद्ध कशी करायची? दिल्लीनं मुंबईवर भाषा लादली की तो अन्याय. मुंबई-पुण्यानं आमच्यावर लादली की ते संस्कार.

आणि ह्यांचं लोकशाहीप्रेम? जळगाव झेडपीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक नाही. वर्षामागून वर्ष प्रशासक. धुळ्याची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली, तिथंही प्रशासक. राज्यातल्या निवडणुका घ्या म्हणून मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला दट्ट्या द्यावा लागला. एक अधिकारी, एक शिक्का, एक सही. शिक्षण समिती नाही, प्रश्न विचारायला सभागृह नाही. जे लोक व्यासपीठावर विकेंद्रीकरण बोलतात त्यांनीच झेडपीला कुलूप लावलं.

मग आपण कुणीकडचे? केंद्राचे की गावाचे?

हा सवाल आपल्या आधी अमेरिकेतल्या काळ्या माणसांना पडला होता. १९५७ साली लिटल रॉकला नऊ काळी पोरं गोऱ्यांच्या शाळेत निघाली. तिथला गव्हर्नर म्हणाला, आमच्या राज्याची शाळा आम्ही बघू. त्यानं सैनिक उभे करून पोरं अडवली. शेवटी वॉशिंग्टनहून पलटण आली तेव्हा पोरं आत गेली. तिथं काळ्यांना केंद्र पाहिजे होतं. १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल वस्तीत काळे आणि पोर्टोरिकन आईबाप उलटं म्हणाले, आमच्या पोरांना ढ ठरवणारे मास्तर नकोत, शाळा आमच्या वस्तीच्या मंडळाकडं द्या. मंडळानं मास्तरांच्या बदल्या केल्या आणि सगळ्या शहरातल्या मास्तरांनी संप पुकारला. तिथं काळ्यांना वस्ती पाहिजे होती. अकरा वर्षांत ते बदलले का? नाही. दोन्ही वेळा त्यांनी एकच विचारलं, आमच्या पोराच्या आड कोण उभा आहे? जो आड उभा त्याच्याविरुद्ध उभं राहायचं. वर असेल तर वरच्याविरुद्ध, शेजारी असेल तर शेजाऱ्याविरुद्ध.

आणि हे दोघं भांडत असताना तिसरा मागच्या दारानं शाळाच उचलून नेतोय तिकडं लक्ष आहे का? त्याचं नाव संस्थाचालक. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचं दार उघडलं, त्यातून शिक्षणसम्राट जन्मले. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, मग गल्लोगल्ली टाय बांधलेल्या शाळा. २०२३ साली सरकारी शाळा कंपन्यांना दत्तक द्यायची योजना. दत्तक! आईबाप जिवंत असताना! फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्के गरीब पोरं घेण्यातून सूट. १९ जुलै २०२४ ला हायकोर्टानं ती सूट रद्द केली, म्हणून वाचलो. हिशोब पाहा. एक किलोमीटरवर सरकारी शाळा असल्याचं कारण सांगून खाजगी शाळेचं दार बंद करायचं, आणि पट कमी असल्याचं कारण सांगून ती सरकारी शाळाही उचलायची. दोन्हीकडून पोरगं रस्त्यावर. रस्त्यावरून थेट कुठं? माझ्या शेजारी, गोदीत, मुकादमाच्या पुढं उभं.

आता गोदीतलीच एक गोष्ट सांगतो. जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली होते. देणाऱ्याच्या बाजूचा एक मोजतो, घेणाऱ्याच्या बाजूचा एक मोजतो. दोन आकडे जुळले तर सही. एक पोतं कमी निघालं तर बोंब. देणारा म्हणाला मी शंभर दिली म्हणून कुणी शंभर मानत नाही.

सरकारात काय होतं? दिल्ली म्हणते दिले. मुंबई म्हणते दिले. झेडपी म्हणते दिले. सगळे देणारेच! घेणाऱ्याच्या बाजूनं मोजायला कुणी उभाच नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले मागासवर्गीयांसाठीचे १५ टक्के, झेडपीचे २० टक्के, दलितवस्तीचा निधी वाटेत हलका होतो आणि वस्तीचा रस्ता भलत्याच मळ्याकडं वळतो. २०२५ साली तर सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचा पैसा लाडक्या बहिणीकडं वळवला आणि खुद्द खात्याच्या मंत्र्यालाच जाहीर बोंब मारावी लागली. मंत्र्याची ही गत, तर येसकराच्या नातवाची काय? आणि कॉम्प्युटर आला म्हणजे चोरी थांबते असंही नाही. २०२५ साली नागपुरात बोगस शालार्थ आयडीवर मास्तर पगार घेताना सापडले. पोर्टल वरचं, चोर इथलेच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हक्क आणि पैसा वरून, कायद्यानं बांधलेला, कुणाच्या मर्जीवर नाही. किल्ली आणि हिशोब खाली, पण पाटलाच्या ओसरीवर नाही, वस्तीत. ह्यातलं एक घेऊन दुसरं सोडलं की आपण मेलो. एप्रिल २००४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शाळेत खिचडी शिजवायला दलित-आदिवासी बायांना आधी घ्या. हा वरून आलेला हक्क. गावावर सोडलं असतं तर शंभर वर्षांत हे झालं नसतं. पण ती बाई खरोखर चुलीपुढं उभी राहिली की नाही, हे दिल्लीला दिसत नाही. ते वस्तीनंच बघायचं असतं.

हत्यार आहे, गंजत पडलंय. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम २१. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक पाहिजेत. निम्म्या बाया पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांचे पालक त्यांच्या प्रमाणात पाहिजेत. शाळेच्या कामावर आणि आलेल्या पैशाच्या वापरावर ह्या समितीची देखरेख. हे सरकारी कृपेनं नाही, कायद्यानं. आणि होतं काय? रजिस्टर घरी येतं, अंगठा घेऊन जातं. आई विचारते कशाचा कागद? उत्तर मिळतं, शाळेचा हाय माय, दे अंगठा.

आपले पुढारी कुठं असतात त्या दिवशी? कुणी पुतळ्याच्या उंचीवर भांडतो, कुणी महामंडळाच्या खुर्चीवर. राखीव जागेवर निवडून येतो आणि पॅनेलप्रमुखाच्या ओट्यावर बूट काढून बसतो. झेडपीच्या शिक्षण समितीत त्यानं एक प्रश्न विचारल्याचं दाखवा, मी त्याला गोदीतून हार पाठवतो. गटातटाच्या ह्या दलालांवर विसंबून शाळा वाचणार नाही.

१९२९ साली आपल्या चाळीसगावला काय झालं ते आठवा. बाबासाहेब सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीचे सभासद होते. बॅरिस्टर, खिशात सरकारचा अधिकार. स्टेशनबाहेर टांगेवाले म्हणाले, महाराला आम्ही नेणार नाही. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपलाच माणूस बसवा म्हणून. त्या बिचाऱ्यानं जन्मात लगाम धरलेला नव्हता. मोरीवर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडावर आपटले. ह्यात सगळं आलं. वरचा अधिकार होता, तो स्टेशनबाहेर अडला. लगाम आपल्या हातात आला, पण हात तयार नव्हता. सवर्णांनी तो कधी तयार होऊच दिला नव्हता. आता दोन्ही पाहिजे. अधिकारही, आणि लगाम धरायची तालीमही.

म्हणून मागण्या ठणकावून करा. अनुसूचित जाती-जमातींचा निधी दुसरीकडं वळवता येणार नाही असा कायदा आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ साली केला, महाराष्ट्रानं करावा. वस्तीतल्या पालकांच्या सभेची लेखी संमती असल्याशिवाय एकही शाळा बंद किंवा एकत्र होता कामा नये. झेडपीवर प्रशासक सहा महिन्यांच्या वर नको. पहिली-दुसरीत अहिराणी, भिलोरी, पावरी बोलणाऱ्या पोराला त्याच्या भाषेत उत्तर देणारा मास्तर पाहिजे.

आणि मागण्या मंजूर होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. शहरात राहणाऱ्या पोरांनो, तुमच्याकडं फोन आहेत, माहितीचा अधिकार आहे, गावाकडं आई-काका-मावशी आहेत. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा शाळेत जा. समितीची यादी मागा. आपल्या वस्तीतलं कोण आहे, किती बाया आहेत, लिहून घ्या. पट किती, मास्तर किती, खिचडी कोण शिजवतं, अनुदान किती आलं, किती कशावर गेलं, नळाला पाणी आहे का, पोरींच्या संडासाला कडी आहे का, लिहा. एका पानात मावतं. देणाऱ्याचा आकडा एका बाजूला, घेणाऱ्याचा दुसऱ्या बाजूला. हीच टॅली.

दर ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर हजारो माणसं जमतात, कारण १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेब तिथं मुक्कामाला होते. ह्या खेपेला नुसता हार घेऊन जाऊ नका. आपल्या गावच्या शाळेचं ते एक पान घेऊन जा. जळगावची पानं एका बाजूला, धुळे-नंदुरबारची दुसऱ्या बाजूला. गठ्ठे बांधा आणि तिन्ही सीईओंच्या टेबलावर आपटा. एक प्रत मुंबईला, एक दिल्लीला. मग बघू कुणाच्या खिशात कोणती किल्ली सापडते ते.

जयभीम!